सत्तेचाळीस नंबरच्या बागेतला तत्त्वज्ञ

ऊर्मिलानं पत्र तिसऱ्यांदा वाचलं, तरी आतला मजकूर काही बदलला नाही. फेराइनची, म्हणजे बागवाल्यांच्या संघटनेची, कमिटी शनिवारी सकाळी दहा वाजता सत्तेचाळीस नंबरच्या बागेची पाहणी करायला येणार होती. कुंपणाची झुडपं सव्वा मीटरच्या वर गेलेली. एक तृतीयांश जागेत भाजीपाला हवा, तिथे रान माजलेलं. वार्षिक श्रमदानाचे आठ तास चक्क नाकारलेले. आणि वर शेजाऱ्यांची तक्रार की बागेतल्या खोपटात कुणीतरी कायमचं राहतंय. ही दुसरी आणि शेवटची आबमानुंग, लेखी ताकीद. शनिवारी यातलं काही तसंच दिसलं तर करार रद्द, आणि तीस नोव्हेंबरच्या आत जागा मोकळी करून द्यायची.

करार ऊर्मिलाच्या नावावर होता. आणि हे चारही पराक्रम तिच्या नवऱ्याचे होते.

"माझी बाग घालवणार हा मेला," ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं म्हणाली, आणि मग तिला रडूच आलं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या बागेचं? तीनशे चौरस मीटर जागा, एक लाकडी खोपट, पाण्याचा एक नळ. पण जर्मनीत वोल्फ्सबुर्गला येऊन तिला चौदा वर्षं झाली होती, आणि या गावात तिचं असं काही नव्हतंच. गाव कारखान्याचं. घर घरमालकाचं. पहिली सहा वर्षं तर व्हिसासुद्धा नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला. बागेच्या प्रतीक्षायादीत मात्र तिनं स्वतः नाव घातलं, चार वर्षं वाट पाहिली, फॉर्म भरले, मुलाखत दिली. गेली पाच वर्षं एप्रिल ते ऑक्टोबर, ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं टेस्टिंग संपलं की ती सायकल काढून थेट बागेत जायची. मेथी, शेपू, मुळा, लाल भोपळा. कुंडीतला कढीपत्ता थंडीत घरात, उन्हाळ्यात बाहेर. तीन तास कुणाशी एक शब्द बोलायची नाही. मिरजेच्या दोन खोल्यांत पाच भावंडांत वाढलेल्या बाईला हे काय सुख आहे, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि मग मे महिन्यात नवऱ्यानं, हृषिकेशनं, सहा महिन्यांची बिनपगारी सुट्टी घेतली.

घ्यावी, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. अठरा वर्षं गिअरबॉक्सची डिझाइनं करून माणूस थकतो. त्यानं झोपावं, फिरावं, आखनला शिकणाऱ्या लेकीकडे चार दिवस जाऊन यावं. पण नाही! त्यानं ऑनलाइन कोर्स लावला. विषय काय, तर एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन ट्रान्सेंडेंटलिस्ट. समाजापेक्षा माणसाचा आतला आवाज मोठा मानणारे, देव देवळात न शोधता झाडापानांत शोधणारे, सरकारचं पटलं नाही तर कर भरायचं नाकारून तुरुंगात जाऊन बसणारे लोक.

"ऊर्मी, या लोकांनी आपली गीता वाचली होती! अठराशे चाळीसच्या सुमारास! अमेरिकेत बसून!" तो कानात इअरफोन घालून तिच्या मागे मागे फिरायचा.

"हो का? तू कधी वाचलीस?"

"तसं नाही गं. म्हणजे बघ, प्रत्येक माणसात एकच आत्मा. मग कुणाचं ऐकायचं? फक्त स्वतःचं."

"मग माझंही ऐकायला हरकत नाही. आत्मा एकच आहे ना? भांडी लाव."

जूनमध्ये तो म्हणाला, एक शनिवार-रविवार तुझ्या खोपटात राहतो, विचार करायचाय. ती हो म्हणाली. चूक नंबर एक. सोमवारी तो परत आला नाही. मंगळवारी गादी घेऊन गेला. आठवडा संपायच्या आत त्यानं खोपटाच्या दाराला स्वतःच्या हातानं पाटी लावली, "इथे एक माणूस जागा आहे." तीही मराठीत, त्यामुळे एक कुठून तरी आलेलं कबूतर सोडलं तर ती वाचायला कुणी नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

चूक नंबर दोन श्रमदानाची. दरवर्षी प्रत्येक बागेमागे आठ तास काम असतं. रस्ता झाडा, गटार काढा, सामायिक हॉलला रंग लावा. ऊर्मिला नेमानं जायची, पण या जूनमध्ये तिच्या ऑफिसात रिलीज होतं. तो म्हणाला, मी जातो तुझ्याऐवजी. तिला इतकं बरं वाटलं की तिनं टिफिनसुद्धा भरून दिला. आणि हा पठ्ठ्या तिथे गेला, फावडी घेऊन उभ्या असलेल्या वीस-पंचवीस म्हाताऱ्या जर्मनांसमोर उभा राहिला, आणि आपल्या बी-टू लेव्हलच्या, कामचलाऊ जर्मनमध्ये त्यानं सांगितलं की व्यक्तीवर सामूहिक श्रम लादणं त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, म्हणून तो शांतपणे नकार देत आहे. शांतपणे नकार देऊन झाल्यावर तो टिफिन खाऊन परत आला. पुढचा महिनाभर ऊर्मिला त्या वाटेनं मान खाली घालून जात होती.

तिनं समजावलं, भांडली, विनवलं. पालथ्या घड्यावर पाणी. लेकीला फोन केला, तर वीणा म्हणाली, "मामा, दास इस्ट डोख झाइन लेबन." म्हणजे आई, ते त्याचं आयुष्य आहे. मराठी सगळं कळतं कार्टीला, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"अगं, त्याचं आयुष्य माझ्या खोपटात का चाललंय, ते विचार त्याला!"

"पण पापा किती खूश आहे ना," एवढं मात्र तिनं मराठीत सांगितलं.

नाशिकला सासूबाईंना फोन केला. प्रभाताई पंचाहत्तरीच्या, पण आवाज खणखणीत.

"अहो आई, तुम्ही तरी सांगा. अकरा आठवडे झाले, बागेत राहतोय."

"वानप्रस्थ म्हणायचा का हा? अगं, पण वानप्रस्थात बायकोला बरोबर नेतात. एकट्यानं जाऊन डबा घरून मागवायचा, याला काय म्हणतात मला नाही ठाऊक." मग त्यांनीच विचारलं, "स्वेटर दिलास ना त्याला?"

हे डब्याचं खरं होतं. खोपटात चूल मांडायची परवानगी नाही, आणि स्वावलंबी माणसाला पोळ्या येत नाहीत. त्यामुळे ऊर्मिला रोज ऑफिस सुटलं की आधी घरी, मग भाजीपोळीचा डबा घेऊन बागेत. तिथे गेलं की तण उपटायला वाकावं तर हा म्हणायचा, "राहू दे ना. त्यांनाही जगायचा हक्क आहे." मेथीच्या वाफ्यावर रानवेल चढली. मुळ्यांना फुलं आली. कुंपण कापू नकोस, मला एकांत हवाय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो बोलायचा. दिवसभर एकटा बसून साठलेलं सगळं तिच्यावर ओतायचा. तिचे शांत तीन तास गेले, आणि त्या जागी रोजचं व्याख्यान आलं.

एकदा कंटाळून तिनं त्याच्याच कोर्सचं सामान फोनवर उघडलं. बसमध्ये वाचता वाचता एका ठिकाणी थबकली. त्याच लोकांतल्या एका तत्त्वज्ञानं म्हणे एक शेत घेतलं होतं. बैलाला राबवायचं नाही, लोकर घालायची नाही, सगळे शुद्ध राहणार. बार्ली कापणीला आली तेव्हा पुरुषमंडळी शुद्धतेवर व्याख्यानं द्यायला बाहेरगावी गेलेली. वादळ चढून आलं. तत्त्वज्ञाच्या बायकोनं पोरींना हाताशी धरलं, टोपल्या घेतल्या, चादरी घेतल्या, आणि धान्य ओढून आत आणलं. ऊर्मिलाचा स्टॉप गेला तरी तिला कळलं नाही. ती त्या दिवशी संध्याकाळी बागेत जाऊन म्हणाली, "हृषी, तुझ्या त्या लोकांच्या बायका काय करत होत्या, ते आहे का कोर्समध्ये?"

"ते ऑप्शनल रीडिंग आहे," तो म्हणाला.

तर असं सगळं. आणि आता हे पत्र.

शुक्रवारी तिनं रजा टाकली. सकाळी आठ वाजता कात्री, कुदळ, हातमोजे घेऊन बागेत हजर. हृषिकेश पायरीवर बसून पक्ष्यांचं ऐकत होता. दाढी वाढलेली, गालावर जरा लाली आलेली. चांगलाच दिसत होता, आणि त्याचाही तिला राग आला.

"उद्या कमिटी येतेय. पत्र वाचलंस ना?"

"वाचलं. ऊर्मी, कुंपण सव्वा मीटर असावं, हे कुणी ठरवलं? आत्म्याची उंची..."

"हृषी." ती कुदळ टेकवून उभी राहिली. "मी आज फक्त एकदाच बोलणार आहे. ही बाग मला हवी आहे. मला. तुझा आत्मा, तुझा समाज, तुझा तो कर न भरणारा माणूस, यातलं मला काही नकोय. कुंपण मी कापते, वाफे मी साफ करते. गादी, किटली, पुस्तकं आज घरी जाणार. उद्या कमिटीनं विचारलंच तर तू इथे दिवसा येतोस, एवढंच सांगायचं. नाहीतर सरळ घरी बसून राहा. जमेल?"

तो पायरीवरून उठला. मग म्हणाला, "ठीक आहे."

तिनं दिवसभर राबून कुंपण उतरवलं. दोऱ्या बांधून, पट्टी लावून, सव्वा मीटर म्हणजे सव्वा मीटर. रानवेल उपटली. मुळे काढून तिथे पालकाची रोपं लावली, मेथी पेरली. पाठ मोडली, बोटांना फोड आले. गादी सायकलच्या कॅरियरला बांधून दोन फेऱ्यांत सामान घरी नेलं. तो मधेमधे पाण्याची झारी उचलून द्यायचा आणि दुखावल्यासारखा बघायचा. संध्याकाळी ती निघताना म्हणाली, चल. तो म्हणाला, तू हो पुढे, मी सूर्यास्त बघून येतो. ती इतकी दमली होती की घरी जाऊन आंघोळ केली आणि तशीच झोपली. चूक नंबर तीन.

शनिवारी सकाळी पावणेदहाला ती बागेच्या फाटकाशी पोचली. घरी हृषिकेशचा अंथरुणावर पत्ता नव्हता, पण तो लवकर उठून फिरायला जातो, म्हणून तिनं मनाला समजावलं होतं. फ्राऊ टिमरमान आणि तिच्याबरोबर मोजपट्टी घेतलेले एक गृहस्थ दहाच्या आधी तीन मिनिटं आले. फ्राऊ टिमरमान कमिटीची अध्यक्ष. सत्तरीची बाई, कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेली, हातात क्लिपबोर्ड. तिनं कुंपणाकडे पाहिलं. गृहस्थांनी पट्टी लावली. एक मीटर तेवीस. फ्राऊ टिमरमान वाफे बघत गेली, पालकाच्या रोपांपाशी वाकली, "शोन," म्हणजे छान, म्हणाली, आणि कागदावर खूण केली. 

"आणि खोपट?" फ्राऊ टिमरमाननं विचारलं. "इथे कुणी राहत नाही ना?"

ऊर्मिलानं तोंड उघडलं. तेवढ्यात खोपटाचं दार उघडलं आणि हृषिकेश बाहेर आला. खांद्यावर टॉवेल, तोंडात टूथब्रश. मागे जमिनीवर पसरलेली स्लीपिंग बॅग सगळ्यांना दिसत होती.

त्यानं शांतपणे चूळ भरली, नव्या मेथीच्या वाफ्यात टाकली, आणि मग सरळ उभा राहिला.

"मी राहतो," तो जर्मनमध्ये म्हणाला. "अकरा आठवडे झाले. माझी पत्नी मला खोटं बोलायला सांगत होती, पण माझ्या विवेकाविरुद्ध मी बोलणार नाही. एका माणसानं झाडांमध्ये झोपणं हा गुन्हा असेल, तर तो नियम चुकीचा आहे."

पट्टीवाल्या गृहस्थांनी पट्टी गुंडाळून खिशात घातली. फ्राऊ टिमरमाननं पेनाचं टोपण काढलं. हृषिकेशच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की आता याला कुणीतरी बेड्या घालाव्यात, म्हणजे याचं जन्माचं सार्थक होईल.  दिवसभराचे फोड. कापलेलं कुंपण. आणि वर हे, "माझी पत्नी मला खोटं बोलायला सांगत होती!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! याचा विवेक स्वच्छ राहणार, आणि बाग तिची जाणार.

"तुम्हाला हे माहीत होतं?" फ्राऊ टिमरमाननं तिला विचारलं.

काल राबता राबता पाठ केलेली जर्मन वाक्यं ऊर्मिलाच्या डोक्यात तयार होती. तिनं ती सोडून दिली.

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं. रोज त्याचं जेवण मीच घेऊन येत होते. खोटं बोलायला मीच सांगितलं, कारण मला ही बाग जाऊ द्यायची नाही. पण आता एक खरं सांगते, आणि ते तुम्ही प्रोटोकोलमध्ये लिहा." प्रोटोकोल म्हणजे पाहणीचा अहवाल. त्यात लिहिलेलं पुसता येत नाही, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही. "हा माणूस इथे माझ्या परवानगीशिवाय राहतोय. जूनमध्ये दोन दिवसांची परवानगी दिली होती. त्यानंतर मी त्याला रोज सांगतेय की इथून जा. अकरा आठवडे मराठीत सांगितलं. आता जर्मनमध्ये सांगते. मला तो इथे नको आहे."

"ऊर्मी!" हृषिकेश एकदम मराठीत आला. "अगं काय हे? लोकांसमोर? घरी बोललो असतो ना आपण."

"घरी होतास कुठे तू?"

 फ्राऊ टिमरमानला शब्द कळले नसतील, पण चाळीस वर्षं पेंट शॉपमध्ये काढलेल्या बाईला तो सूर ओळखीचा असावा. तिनं क्लिपबोर्डवर चार ओळी लिहिल्या. घाई केली नाही, एक शब्द खोडून पुन्हा लिहिला. मग वाचून दाखवलं. करारधारक श्रीमती ऊर्मिला यांनी स्वतः मागणी केल्यावरून, खोपटात विनापरवाना राहणाऱ्या व्यक्तीनं आज दुपारी बारापर्यंत जागा सोडावी. पुढील हंगामात त्या व्यक्तीस बागेत रात्री थांबण्यास मनाई. श्रमदानाचे आठ तास ऑक्टोबर संपायच्या आत पूर्ण व्हावेत. ताकीद कायम, करार चालू.

"आठ तास मी करीन," ऊर्मिला म्हणाली.

"नाही," फ्राऊ टिमरमान म्हणाली. "ते ह्यांनी नाकारले. ह्यांनी करायचे. बारा ऑक्टोबर, गटार. फावडं इथून मिळेल." तिनं कागद ऊर्मिलासमोर धरला. ऊर्मिलानं सही केली. सही मिरजेच्या शाळेतल्यासारखी आली, गोल आणि मोठी.

कमिटी अठ्ठेचाळीस नंबरकडे गेली.  हृषिकेशनं खोपटात जाऊन स्लीपिंग बॅग गुंडाळली. टूथब्रश, लॅपटॉप, पाण्याची बाटली, एवढंच उरलं होतं. पिशवी खांद्याला लावून तो फाटकाबाहेर जाऊन थांबला. दाढीत पेस्टचा पांढरा ठिपका तसाच होता. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला.

"खरं बोललो म्हणून एवढी शिक्षा?" तो म्हणाला. चिडलेला नव्हता, खरंच विचारत होता.

"खरं बोललास ते बरोबरच केलंस. माझ्या जिवावर बोललास, एवढंच."

 रस्त्यावरून एक म्हातारा ढकलगाडीतून पानांचा कचरा घेऊन गेला, दोघांना "मोइन" म्हणाला, दोघांनीही "मोइन" म्हटलं.

"मग चल ना," हृषिकेश म्हणाला. "जाऊया घरी."

"तू जा. मी थांबते इथे."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

"आणि मी एकटा घरी जाऊन काय करू?"

 ऊर्मिलाला वाटलं हा चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करत नव्हता.

"हृषी," ती म्हणाली, "पाच वर्षं मी रोज संध्याकाळी इथे येते. वीणा आखनला गेल्यापासून घरी कुणी नसतं. रोज तीन तास सगळं घर रिकामं. बोलायला कुणी नाही, मागायला कुणी नाही, कुंपण मोजायला कुणी नाही. तुला एकांत हवा होता ना? तुझा घरी होता. तू इथे येऊन बसलास तो माझा होता."

 तो मान खाली घालून बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागला. ऊर्मिलानं फाटकाला आतून कडी घातली.